एका जिवाचं रांधणं

(प्रस्तावना)

वाशीम, रिसोड, मालेगावच्या पट्ट्यात एकट्या राहणाऱ्या माणसाला जेवणाबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "एका जिवाले काय लागते?" ऐकायला हे समाधानाचं वाक्य वाटतं. पण ते बोलणाऱ्याच्या खोलीत जाऊन पाहिलं की कोपऱ्यात मुरमुऱ्यांची पिशवी, टोस्टचा पुडा, सकाळच्या चहाचं न घासलेलं भांडं आणि चार दिवसांत चहापलीकडे न पेटलेली शेगडी दिसते. एका जिवाला काहीच लागत नाही असं म्हणता म्हणता माणूस खरोखरच काही खाईनासा होतो. हे पुस्तक त्या वाक्याला दिलेलं उत्तर आहे. एका जिवाला काय लागतं याचा हिशोब मांडता येतो आणि तो कमी पैशांत बसवताही येतो. आपल्याकडे तो नीट लिहून ठेवलेला नव्हता, म्हणून हा प्रयत्न.

आधी हे एकटे कोण ते सांगते. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. खरं तर इंग्रजांच्या काळात बासिम नावाचा जिल्हा होताच. तो १९०५ साली मोडून अकोल्यात घातला गेला होता. जिल्हा परत झाला तशा कचेऱ्या आल्या आणि कचेऱ्यांबरोबर बदलीवर आलेली माणसं आली. घर अकोल्याला, अमरावतीला किंवा नांदेडला, नोकरी वाशीमला. काहींनी अपडाऊन पत्करलं, काहींनी रूम केली. हा झाला पहिला गट. दुसरा शिकणाऱ्या आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींचा. मानोऱ्याकडच्या तांड्यांतून, मंगरूळपीर-कारंज्याच्या खेड्यांतून ती येतात आणि एका खोलीत दोघं-तिघं किंवा एकटी राहतात. तिसरा गट म्हाताऱ्यांचा. मुलगा-सून पुण्याकडे कारखान्यात, नाहीतर हंगामापुरती ऊसतोडीला, वीटभट्टीवर. मागे आजोबा किंवा आजी. चौथ्या गटाबद्दल फार कमी बोललं जातं. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज दिलं, त्यांत वाशीम होता. आत्महत्या झालेल्या घरांमधल्या बायका आज पन्नाशी-साठीत आहेत. मुली सासरी गेल्या, मुलगा शहरात गेला, आणि ज्या चुलीवर सहा माणसांचं रांधलं तिच्यावर आता एकीचं रांधायचं असतं.

चौघांची चूल चार तऱ्हेची आहे. पोराला रांधता येत नाही. आजीला येतं, पण थोडं करता येत नाही. तिच्या हाताला पायलीची सवय आहे, चिमटीची नाही.

एकट्या माणसाने जेवायचं कसं, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. सगळ्यांत जुनं उत्तर माधुकरीचं. आपल्याच जिल्ह्यातलं कारंजा हे नृसिंहसरस्वतींचं जन्मस्थान मानलं जातं, आणि दत्तसंप्रदायात माधुकरीला केवढा मान आहे हे सांगायला नको. घर सोडलेल्या माणसाचं पोट पाच घरांनी मिळून भरायचं, ही ती व्यवस्था. पुढे पुण्यासारख्या गावांत तिचंच विद्यार्थी-रूप झालं: वार लावून जेवणं. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. त्यातून पिढ्या शिकल्या हे खरं. पण वार मिळायचा तो जात पाहून. ज्याला कोणाच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीही उभं राहू दिलं जात नव्हतं त्याला वार कुठला? म्हणून १९०१ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी काढलेलं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, पुढे त्यांच्याच आधाराने उभी राहिलेली वेगवेगळ्या जातींची वसतिगृहं आणि १९२४ सालचं भाऊराव पाटलांचं साताऱ्याचं बोर्डिंग यांच्याकडे शिक्षणाच्या इतिहासाबरोबरच अन्नाच्या इतिहासातही पाहायला हवं. साताऱ्याला वेगवेगळ्या जातींची पोरं एकत्र रांधत आणि एकत्र जेवत. उपाशी विद्यार्थ्याला मिळालेलं ते सन्मानाचं ताट होतं.

असं ताट सगळ्या शिकणाऱ्यांना मिळालं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० साली अभ्यास पुरा करायला लंडनला परत गेले तेव्हाचं त्यांचं खाणं चरित्रकारांनी नोंदवलं आहे. सकाळी पावाचा तुकडा आणि जरासं काही, दुपार बहुतेक कोरडी, आणि रात्री उशिरा भूक असह्य झाली की ओळखीच्याने दिलेले पापड भाजून खायचे. आपल्याकडे ही गोष्ट कौतुकाने सांगतात. मला मात्र ती वाचताना दर वेळी वाईट वाटतं. इतक्या मोठ्या माणसाला पोटभर मिळायला हवं होतं, एवढंच माझ्या मनात येतं. उपासमार ही विद्वत्तेची अट नाही. "आम्ही उपाशी राहून शिकलो" असं पोरांना ऐकवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

तिसरी परंपरा खानावळीची. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेला कामगार एका गाळ्यात दहा-पंधराजणांबरोबर राहायचा आणि जेवायला खानावळवाल्या बाईकडे जायचा. महिन्याचा हिशोब, उधारी, आजारपणात मऊ भात, हे सगळं तिच्याकडे. त्या बायका सावकाराच्या कचाट्यात होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज त्यांच्यापर्यंत नेलं. आज वाशीम किंवा कारंज्यात जी 'मेस' आहे, दोन वेळचा डबा देणारी जी ताई आहे, ती त्याच खानावळवाल्या बाईची नात. तिच्याबद्दल या पुस्तकात तक्रार नाही. चाळीस डबे भरणारी बाई चाळीसजणांच्या जिभा सांभाळू शकत नाही. पण मेसच्या भाजीत तेल आणि बटाटा जास्त, पालेभाजी कमी, दाळ पातळ, आणि दिवाळीत, उन्हाळ्यात मेस बंद. त्या दिवसांत मेसवर अवलंबून असलेल्या पोराला साधी खिचडी टाकता येत नसेल तर तो वडापाववर राहतो.

सरकारनेही एकट्याचं ताट वाढून पाहिलं आहे. १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आजही आजीआजोबांच्या बोलण्यात येते. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर आली. केंद्रं थाटात उघडली आणि काही वर्षांत मिटली. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन सुरू झालं: दहा रुपयांत तीस-तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात, शंभर ग्रॅम वरण. कोरोनाच्या काळात ते आधी पाच रुपयांत आणि मग काही महिने फुकट मिळालं. त्या दिवसांत बसस्थानकाजवळच्या रांगेत कोण कोण उभं होतं हे ज्यांनी पाहिलं ते या योजनेला हसणार नाहीत. तरी हमालाची, शेतमजुराची भूक दोन चपात्यांत भागत नाही, आणि ते ताट दुपारचंच असतं. रात्र ज्याची त्यालाच काढावी लागते.

रेशनचं गणितही एकट्याच्या बाजूचं नाही. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य, जानेवारी २०२३ पासून फुकट. अंत्योदय कार्डावर माणसं कितीही असली तरी पस्तीस किलो. म्हणजे अंत्योदयवाल्या एकट्या आजीचं धान्याचं भागतं, प्राधान्यवालीचं पाच किलोत महिनाभर चालत नाही. शिकणाऱ्या पोराचं नाव गावच्या कार्डात असतं आणि पोट वाशीमच्या खोलीत. त्याच्या वाट्याचे गहू एसटीने पिशवीतून येतात, कधी येत नाहीत. आत्महत्याग्रस्त म्हणून गणलेल्या १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०१५ पासून स्वस्त धान्य मिळत होतं, त्यांत वाशीमही होता. २०२३ पासून त्याऐवजी सुरुवातीला माणशी महिना १५० रुपये खात्यात येऊ लागले. दीडशे रुपयांत किती ज्वारी येते ते बाजारात जाऊन पाहावं.

आता पाकपुस्तकांकडे वळू, कारण हे पुस्तक त्या रांगेत बसू पाहतं. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' छापून आलं. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' आलं. १९७० साली कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आली आणि वाटी-चमच्याच्या मापाने तिने नव्याने संसार थाटणाऱ्या लाखो मुलींना धीर दिला. या पुस्तकांचं ऋण मोठं आहे. पण 'गृहिणीमित्र' हे नावच सांगतं की ती कोणासाठी: गृहिणीसाठी, म्हणजे जिच्या पंगतीला चार-सहा माणसं आहेत तिच्यासाठी. २०१५ साली शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आलं तेव्हा पहिल्यांदा मराठवाड्यातल्या दलितांचं स्वयंपाकघर त्याच्या स्वतःच्या शब्दांत पुस्तकात आलं, आणि मराठी पाकपुस्तक आजवर कोणाला वगळून लिहिलं जात होतं हे उघड झालं. आम्हाला त्या पुस्तकाने हिंमत दिली. जातीने वगळलेल्यांबरोबर एकटेपणाने वगळलेलेही आहेत. 'चार माणसांसाठी' असं लिहिलेल्या कृतीला चाराने भागलं की एकट्याची कृती होते, हा समज खोटा आहे. पाव वाटी दाळीला मोठ्या कुकरमध्ये पाणी तेवढंच आटतं, फोडणीला तेल चौपट कमी करून चालत नाही, आणि अर्धा टमाटा उरतोच.

स्वतः रांधणाऱ्या एकट्यांतही दोन पंथ आहेत, आणि दोघांचा एकमेकांवर विश्वास नाही. एक म्हणतो, रविवारी बसून सगळं करून ठेवा आणि आठवडाभर गरम करून खा. मोठ्या शहरांत, फ्रीज असलेल्या घरांत ते चालतं. वाशीमात एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि बहुतेक खोल्यांत फ्रीज नसतो. सकाळचं वरण संध्याकाळपर्यंत आंबूस होतं. दुसरा पंथ दोन्ही वेळ ताजं करणाऱ्यांचा. तो पंथ चांगला, पण दिवसभर कचेरीत किंवा वाचनालयात बसून आलेलं माणूस आठवड्यातून चार वेळा हरतं आणि टोस्टकडे वळतं. आमच्या मते उत्तर या दोन्हींत नाही. ते आपल्या आज्यांच्या फडताळात आहे. त्यांनी कोरडं तयार ठेवलं आणि ओलं त्या वेळी केलं. जवसाची चटणी, तिळाची चटणी, शेंगदाण्याचं कूट, भाजून ठेवलेल्या ज्वारीच्या कण्या, मुगवड्या, सांडगे, कुरडया, उन्हात वाळवलेल्या वांग्याच्या आणि गवारीच्या खुला, हरभऱ्याचा वाळवलेला पाला. हे सगळं जवळ असलं की वीस मिनिटांत जेवण होतं. वाळवणाला आपण हौस समजतो. मुळात ती टंचाईच्या दिवसांची तजवीज होती, आणि एकटं राहणं हीसुद्धा एक प्रकारची टंचाईच आहे: वेळेची, हाताची, सोबतीची.

वऱ्हाडाच्या स्वयंपाकाइतका एकट्याला सोयीचा दुसरा स्वयंपाक मला माहीत नाही. हे अभिमानापोटी म्हणत नाही. पिठलं दहा मिनिटांत होतं आणि त्याला भाजी चिरावी लागत नाही. आळणात मूठभर पालेभाजी आणि चमचाभर बेसन दोन पोळ्यांपुरतं कालवण देतं. भरडा ठेवलेला असला की कोरडी भाजी तयार. आणि चकोल्या! तुरीच्या वरणात गव्हाच्या पोळीचे तुकडे सोडून उकळले की एकाच गंजात पूर्ण जेवण होतं. गव्हात लायसिन नावाचं जे द्रव्य कमी असतं ते तुरीत भरपूर असतं, तुरीत जे कमी ते गव्हात असतं. दोन्ही मिळून प्रथिनांचा दर्जा सुधारतो. शास्त्राने हे नंतर सांगितलं, चकोल्या आधीपासून होत्या. शिवाय भांडं एकच घासावं लागतं. ही बाब लहान नाही. वाशीम शहराचं पाणी एकबुर्जी धरणातून येतं आणि उन्हाळ्यात नळ दिवसांआड लांबत जातो. बादलीभर पाण्यात अंघोळ, कपडे आणि भांडी बसवणाऱ्याला एका गंजाची किंमत कळते.

ज्वारीवर थोडं थांबायला हवं. तीसेक वर्षांपूर्वी इथे घरोघर भाकर होती. मग सोयाबीन आलं, हातात लवकर पैसा देणारं पीक, आणि ज्वारीचं रान आकसत गेलं. रानडुकरं आणि पाखरं राखायला माणूस नाही हेही कारण. रेशनवर गहू आला. आज ज्वारी ही गरिबाची राहिली नाही. कित्येकदा ती गव्हाहून महाग मिळते. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं तेव्हा शहरांत ज्वारीचे डोसे निघाले, पण खोलीवर राहणाऱ्या पोराला भाकर थापता येत नाही ती नाहीच. आमचा सल्ला असा की भाकरीपासून सुरुवात करू नका, कण्यांपासून करा. पाऊण वाटी कण्या, चिमूटभर मीठ, चौपट पाणी. वर ताक किंवा वरण. भाकर हाताला हळूहळू येईल. दळण थोडं आणा, कारण ज्वारीचं पीठ फार दिवस टिकत नाही. दोन किलोचं दळण पाहून गिरणीवाले दादा "एवढंसंच?" म्हणतील. म्हणू द्या.

आणि सोयाबीन. हा जिल्हा ते पिकवतो, ट्रकांनी बाहेर पाठवतो आणि तेलाच्या पिशवीतून विकत घेतो. दाण्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, पण आपल्या ताटात तो येत नाही, कारण कच्चा दाणा बाधतो आणि त्याला उग्र वास येतो. उपाय साधा आहे. उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं चांगला शिजवून, उन्हात खडखडीत वाळवून गव्हात दळायला टाकायचा, नऊ भाग गहू आणि एक भाग सोयाबीन. न शिजवता कधीही दळायचा नाही. किराण्यात मिळणारी सोयावडी तर तयारच असते. तिच्या वजनात निम्मी प्रथिनं असतात आणि ती महिनोन्‌महिने टिकते. ज्या खोलीत अंडं चालत नाही तिथे तिचा मोठा आधार आहे.

अंड्याचं निघालं म्हणून सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी वाशीमला खोली शोधत होते तेव्हा एका घरमालकांनी आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग "घरात काही वशाट वगैरे?" असं विचारून खोली आधीच दिली गेल्याचं सांगितलं. महिनाभराने ती खोली रिकामीच होती. एकट्या माणसाच्या, आणि त्यातही एकट्या बाईच्या, ताटात काय पडेल हे तिच्या पैशांइतकंच तिच्या घरमालकावर ठरतं. ज्यांना चालतं त्यांनी आठवड्याला चार-पाच अंडी खावीत, बाजारातली सुकट तव्यावर परतून ठेवावी. स्वस्तात एवढं बळ दुसरं कशात नाही. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीच्या कायद्यानंतर गरिबांच्या ताटातलं एक स्वस्त मांस गेलं हेही इथे नोंदवलं पाहिजे. या पुस्तकात शाकाहारी आणि मांसाहारी असे वेगळे भाग केलेले नाहीत. ज्याच्या घरी जे रांधतात ते त्याच्या नावाने आलं आहे: तांड्यावरची ज्वारीची बाटी आणि घुगरी, मंगरूळपीरच्या घरातला खिचडा, कारंज्याच्या जैन घरांतलं बिनकांद्याचं वरण.

पालेभाजी फुकट मिळते असं जुने लोक सांगतात, आणि मिळायची. पावसाळ्याच्या सुरुवातीला तरोटा, मग घोळ, पाथरी, पुढे अंबाडी, उन्हाळ्यात चिवळ. आज त्यावर एक सावधगिरीचा शब्द लिहावा लागतो. सोयाबीनच्या रानात तणनाशक मारतात. बांधावरची भाजी खुडण्याआधी त्या शेतात फवारणी कधी झाली ते विचारून घ्या. माहिती नसेल तर खुडू नका.

पैशांकडे येऊ. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेत २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये मिळू लागले, म्हणजे दिवसाला पन्नास, आणि त्यात औषधही आलं. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. महानगरपालिका नसलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणी तिची वर्षाची रक्कम ४३,००० ठरली, त्यात जेवणासाठी २५,०००. दहा महिन्यांचं शिक्षणवर्ष धरलं तर दिवसाला ऐंशीच्या थोडं वर. पन्नास आणि ऐंशी हे दोन आकडे समोर ठेवून हे पुस्तक रचलं आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनात दिवसाच्या ताटात साधारण २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं आणि ३०० मिली दूध धरलं आहे. धान्य-डाळ पन्नासात बसते. भाजी, फळ आणि दूध बसता बसत नाही. हे लपवून 'थोडक्यात सकस' असं काही सांगणं खोटेपणा ठरेल. जिथे बसत नाही तिथे ते आम्ही तसंच लिहिलं आहे, आणि त्यातल्या त्यात काय करता येईल तेही.

एकट्याची महागाई वेगळी असते. किलोने घेणाऱ्याला जे स्वस्त पडतं ते पावशेराने घेणाऱ्याला पडत नाही. तेलाची लहान पिशवी नेहमीच महाग. जास्त घ्यावं तर नासतं, आणि एकट्या माणसाचा सगळ्यांत मोठा खर्च तो फेकून देतो त्या भाजीचा असतो. आठवडी बाजारात उठत्या बाजाराच्या वेळी जावं, वाटा घ्यावा, आणि शेजारच्या खोलीतल्याशी अर्धा अर्धा करावा. गॅसचं मोठं सिलेंडर परवडत नसेल, पत्त्याचा पुरावा नसेल, तर पाच किलोचं मिळतं. भांडी फार नकोत: तीन लिटरचा कुकर, तवा, लहान कढई, एक गंज, सराटा, पोळपाट-लाटणं. याहून जास्त घेणाऱ्याची भांडी आम्ही धुळीत पडलेली पाहिली आहेत.

हे पुस्तक आत्ताच का? कारण एकटे वाढताहेत. २०२४ साली वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, समृद्धी महामार्ग कारंजा-मंगरूळपीर-मालेगावातून गेला, अभ्यासिका गल्लोगल्ली निघाल्या. जिल्ह्यात येणारी पोरं वाढली तशी जिल्ह्यातून जाणारीही वाढली. एका बाजूला खोल्या भरताहेत आणि दुसऱ्या बाजूला घरं रिकामी होताहेत. नीती आयोगाच्या २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे आले त्यांत वाशीम होता. पोषण हा त्या मोजणीचा एक भाग. पण अंगणवाडीत बालकाचं वजन मोजतात, गरोदर मातेचं मोजतात. बासष्ट वर्षांच्या एकट्या बाईचं वजन किती उतरलं हे कोण पाहतं?

पुस्तकाबद्दल थोडं. यातल्या कृती सहाही तालुक्यांतल्या खोल्यांतून आणि घरांतून गोळा केल्या आहेत. प्रत्येक कृती एका माणसाची आणि एका वेळेची आहे. उरलं तर दुसऱ्या वेळी त्याचं काय करायचं तेही तिथेच दिलं आहे. मापं वाटीची आहेत आणि ती वाटी किती मोठी हेही सांगितलं आहे. किमती मुद्दाम छापल्या नाहीत, कारण छापून होईपर्यंत त्या बदलतात. त्याऐवजी वजनं दिली आहेत, म्हणजे ज्याला त्याला आपल्या बाजारात हिशोब करता येईल. आजारपणात, पाळीच्या दिवसांत, परीक्षेच्या रात्री, पगार लांबला असताना काय रांधायचं ते त्या त्या प्रसंगाखाली सापडेल. हे आहारशास्त्राचं पुस्तक नाही. मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांचं ऐकावं. एकटेपणावरचा इलाजही त्यात नाही. पण दाळ शिजताना खोलीत जो वास भरतो त्याने संध्याकाळ जरा बरी जाते, हे ज्यांनी ज्यांनी आम्हाला कृती दिल्या त्यांतल्या बहुतेकांनी न विचारता सांगितलं.

माझ्या शेजारी एक आजी राहायच्या. दारावरून जाताना मी रोज विचारायची, "जेवल्या का आजी?" आणि त्या रोज म्हणायच्या, "जेवली ना बाई." दोन वर्षं हे चाललं. एकदा तापात पडल्या तेव्हा मी त्यांच्यासाठी वरण करायला आत गेले. दाळीच्या डब्यात दाळ नव्हती आणि डब्याच्या तळाशी जाळी धरली होती. बऱ्याच महिन्यांपासून त्या सकाळी चहाबरोबर आणि रात्री तिखटाबरोबर पोळी खात होत्या. "जेवल्या का" या प्रश्नाला आपल्याकडे "हो" म्हणायची रीत आहे, आणि त्या रीतीने वागत होत्या. मी त्या प्रश्नावर समाधान मानलं ही माझी चूक.

म्हणून वाचकाला एक विनंती. तुमच्या गल्लीत, तांड्यावर, वाड्यात कोणी एकटं राहत असेल तर जेवलात का असं विचारू नका. आज काय रांधलं ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तिथे थांबा.